ब्लॉकचेनवरील समाजमाध्यमांत अभ्यासवर्ग कसे चालतात

कृषिपदवी घेऊन गावी परतलेले आणि शेती करता करता इतरांस शिकविण्याची हौस बाळगणारे तरुण अलीकडे तालुक्याच्या कार्यालयात एक प्रश्न घेऊन येतात. लिहिलेल्या धड्याला वाचकांची पसंती मिळाली की लेखकाला व पसंती देणाऱ्यालाही मोबदला मिळतो, अशी समाजमाध्यमे निघाली आहेत; त्यांवर आपण बीजप्रक्रियेचा किंवा रोपवाटिकेचा वर्ग चालवावा काय, असा हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर एका शब्दात देण्याजोगे नाही. यास्तव अशा माध्यमांपैकी जेथे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे, त्या स्टीमिटचे उदाहरण घेऊन त्याची रचना, तेथील वर्गांची रीत आणि त्यांतील गुणदोष यांचा येथे विचार केला आहे.

वहीची रचना

स्टीम ही ब्लॉकचेन नेड स्कॉट व डॅनियल लॅरिमर यांनी मार्च २०१६ मध्ये सुरू केली. स्टीमिट हे तिच्यावर उभारलेले संकेतस्थळ होय. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. आपल्याकडील फेरफार नोंदवहीचे उदाहरण घेतल्यास तिचे स्वरूप चटकन ध्यानात येईल. फेरफाराच्या वहीत जुनी नोंद खरवडून काढीत नाहीत. बदल झाला की नवी नोंद घेतात आणि जुनी तशीच राहते. येथेही तसेच आहे. दर तीन सेकंदांनी नोंदींचा एक नवा गठ्ठा मागील गठ्ठ्याला जोडला जातो. हे काम एकवीस नोंदकर्ते करतात. त्यांपैकी वीस जण सर्वाधिक मते मिळालेले असतात व एकविसावा आळीपाळीने येतो.

सामान्य समाजमाध्यमावर लेख मालकाच्या संगणकात राहतो. तो काढून टाकणे मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते. येथे लेखाचा मजकूर या सामाईक वहीत उतरतो. संकेतस्थळ बंद पडले, तरी दुसऱ्या संकेतस्थळावरून तीच वही वाचता येते. शिक्षकाच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे, यात संशय नाही. मात्र छायाचित्रे या वहीत साठविली जात नाहीत. तेथे केवळ त्यांचा पत्ता राहतो व चित्र अन्यत्र असते. शेतीच्या धड्यात चित्र म्हणजे निम्मा धडा. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावरील खूण आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके चित्रावाचून शिकविणे अवघड आहे. म्हणून चित्रांची मूळ प्रत शिक्षकाने आपल्याजवळ राखावी आणि लक्षणे शब्दांतही पुरती लिहावीत.

मोबदला कोठून येतो

हा पैसा जाहिरातदार देत नाही, वा विद्यार्थ्याच्या शुल्कातूनही येत नाही. वहीच्या नियमानुसार नवी नाणी सतत निर्माण होत असतात आणि त्यांतील एक भाग लेखांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटला जातो. लेख प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांत पडलेली मतेच जमेस धरतात. ऑगस्ट २०१९ मधील नियमबदलापासून लेखाच्या मोबदल्याचा अर्धा वाटा लेखकाला व अर्धा मत देणाऱ्यांना मिळतो. मताचे वजन मात्र सर्वांचे सारखे नसते. ज्याने जितकी नाणी वहीत गुंतवून ठेवली असतील, तितके त्याच्या मताचे वजन. शिवाय प्रत्येक पूर्ण मतागणिक मतशक्ती सुमारे दोन टक्क्यांनी घटते आणि दिवसाकाठी वीस टक्के भरून येते. याचा अर्थ असा की, शिक्षकाला रोज सुमारे दहा, म्हणजे आठवड्यास सुमारे सत्तर पूर्ण मते देता येतात. विद्यार्थी दीडशे झाले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्याहूनही कमी वजनाचे मत येते. वर्गाची पटसंख्या ठरविताना हा हिशेब आधी करावा लागतो.

सात दिवसांच्या नियमाचा एक परिणाम सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. गेल्या वर्षीच्या उत्तम धड्यावर आज एक पैही मिळत नाही. त्यामुळे जुना धडा तपासून, सुधारून अधिक नेमका करण्यापेक्षा दर आठवड्याला नवा लिहिण्याकडे शिक्षकाचा कल होतो. तो आठवडी बाजारासारखा प्रकार आहे. आणलेला माल त्याच दिवशी खपला पाहिजे. पाठ्यपुस्तक मात्र अशा रीतीने तयार होत नाही.

२०२१ मधील अकादमी

फेब्रुवारी २०२१ मध्ये स्टीमिटने स्वतःच एक अकादमी काढली. तिचा विषय ब्लॉकचेन व आभासी चलने हा होता. अर्ज मागवून सदस्यांतूनच शिक्षक नेमले गेले. शिक्षकाने आठवड्याचा धडा प्रसिद्ध करावयाचा, त्याखाली गृहपाठ द्यावयाचा. विद्यार्थ्याने ठरलेली खूणचिठ्ठी लावून आपले उत्तर स्वतंत्र लेख म्हणून प्रसिद्ध करावयाचे. शिक्षकाने त्याखाली दहापैकी गुण आणि अभिप्राय लिहावयाचा, अशी पद्धत होती. गुण पाहून मोबदल्याचे मत स्टीमिटच्या मोठ्या खात्यावरून दिले जाई. पुढे नवख्यांचे व जाणत्यांचे वर्ग निराळे झाले आणि प्रवेशासाठी खात्याची प्रतिष्ठा व स्वतः गुंतविलेली नाणी यांची किमान मर्यादा घालण्यात आली.

या पद्धतीत एक गोष्ट खरोखर घेण्यासारखी आहे. प्रत्येकाचा गृहपाठ व त्यावरील शिक्षकाचा शेरा सर्वांसमोर उघडा राहतो. आपल्या नेहमीच्या प्रशिक्षणवर्गात उत्तरपत्रिका तपासून गठ्ठ्यात बांधल्या जातात; एकाची चूक दुसऱ्याला कळत नाही आणि शिक्षकाच्या ढिलाईचाही पत्ता लागत नाही. उघड्या वहीत दोघांचीही परीक्षा होते.

त्याच वर्षी स्टीमिटवर स्थापन झालेल्या एका बंगाली समूहाने दुसरी वाट धरली. त्यांनी नवागतांसाठी पायऱ्यापायऱ्यांची शाळा काढली. खात्याच्या किल्ल्या, चोरीचे लेखन म्हणजे काय, लेखाची मांडणी इत्यादी विषय मातृभाषेत शिकवावयाचे, मग तोंडी परीक्षा घ्यावयाची आणि त्यानंतर विद्यार्थ्याने आपण काय शिकलो यावर लेख लिहावयाचा. तोंडी परीक्षेची ही पायरी साधी दिसते. पण माझ्या मते या साऱ्या खटाटोपात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तिचे कारण पुढील विवेचनावरून कळून येईल.

मोबदला आणि गुण

गृहपाठास पैसे मिळू लागले की त्याच्या नकला होतात. अकादमीच्या काळात दुसऱ्याचे उत्तर शब्द बदलून आपले म्हणून देण्याचे प्रकार झाले व ते हुडकण्यात शिक्षकांचा वेळ खर्ची पडला. २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची लेखनयंत्रे सर्वांच्या हाती आल्यावर तर नक्कल करण्याचेही कष्ट उरले नाहीत. याचा दोष केवळ विद्यार्थ्याला देणे न्याय्य नाही. ज्या देशात चलनाची किंमत ढासळली आहे, तेथील तरुणाला एका गृहपाठाचा मोबदला घरखर्चास हातभार लावणारा वाटतो. तो शिकण्यासाठी येत नाही, रोजगारासाठी येतो. दोन्ही हेतू एका वर्गात बसविले की गुण देणारा शिक्षक हा मजुरी ठरविणारा मुकादम होऊन बसतो. एक गुण कमी दिला की कोणाचे तरी पैसे कापले जातात. शिवाय मतांची मुदत सात दिवसांचीच असल्याने तपासणीस उशीर झाला, तर विद्यार्थ्याचा मोबदला बुडतो. मग घाईने तपासणे आले.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या विषयात विशेष सोपा आहे. ज्याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळेच येईल असा गृहपाठ द्यावा. उदाहरणार्थ, सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याचा धडा घ्या. विद्यार्थ्याने आपल्या घरच्या पोत्यातील शंभर दाणे न निवडता घ्यावेत, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळावेत, गोणपाट सतत ओलसर ठेवावे आणि सात-आठ दिवसांनी निकोप कोंब किती निघाले ते मोजावेत. एकाचे अठ्ठ्याहत्तर येतील, दुसऱ्याचे एकसष्ट. सत्तर अथवा त्याहून अधिक असल्यास शिफारशीइतके बियाणे पुरते. कमी असल्यास त्या प्रमाणात वाढवावे लागते. ज्याचे एकसष्ट आले आहेत त्याने दुसऱ्याचे अठ्ठ्याहत्तर उतरवून घेतले, तर त्याच्या शेतात पेर विरळ उगवेल. येथे नकलेची शिक्षा शिक्षकाला द्यावीच लागत नाही. त्यानंतर फोनवर पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत : दाणे पोत्याच्या वरून घेतले की तळातून, बुरशी किती दाण्यांवर दिसली? ज्याने हाताने काम केले आहे, तो अडखळत का होईना, पण खरे उत्तर देतो.

गुण व मत यांची सांगडही सोडवावी. काम पुरे करणाऱ्या प्रत्येकाला सारखे मत द्यावे आणि गुण अभिप्रायात वेगळे लिहावेत. म्हणजे गुणांवरून तंटा होत नाही.

वहीवर सत्ता कोणाची

सहकाराशी परिचित असलेल्या वाचकांस येथे एक फरक विशेष जाणवेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. स्टीमवर भाग तितके मत. याचे परिणाम २०२० मध्ये दिसून आले. त्या वर्षी फेब्रुवारीत स्टीमिट कंपनी ट्रॉनचे संस्थापक जस्टिन सन यांनी विकत घेतली. कंपनीजवळ आरंभापासून असलेला नाण्यांचा मोठा साठा मतदानास वापरला जाईल या भीतीने नोंदकर्त्यांनी तो गोठविला. त्यावर २ मार्च रोजी बायनान्स, ह्युओबी व पोलोनीएक्स या विनिमय-बाजारांत ग्राहकांनी ठेवलेली नाणी मतदानास लावण्यात आली आणि वरचे वीसही नोंदकर्ते बदलले गेले. वखारीत ठेवलेल्या धान्याच्या जोरावर वखारवाल्याने संस्थेची निवडणूक लढवावी, तसाच हा प्रकार झाला. पुढे बायनान्स व ह्युओबी यांनी ती मते मागे घेतली. तथापि फूट टळली नाही. २० मार्च २०२० रोजी सभासदांचा एक मोठा गट हाइव्ह या नावाची वेगळी साखळी घेऊन निघाला.

शिक्षकाच्या दृष्टीने या फुटीचा एक विचित्र परिणाम झाला. त्या दिवसापूर्वी लिहिलेला प्रत्येक धडा आता दोन्ही वह्यांत आहे. एकीत दुरुस्ती केली, तर ती दुसरीत होत नाही.

दुरुस्तीची अडचण

शेतीच्या शिक्षणात ही बाब जिवाशी गाठ घालणारी आहे. एंडोसल्फान हे कीटकनाशक एके काळी अनेक पिकांसाठी सर्रास सांगितले जाई. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. अशा औषधाची मात्रा सांगणारा धडा कायमच्या वहीत गेला असता, तर लेखकाला तो सुधारता आला असता खरा. परंतु जुना पाठ साखळीत तसाच राहिला असता आणि शोधणाऱ्यास सापडला असता. म्हणून औषधांची नावे व मात्रा अशा धड्यांत लिहूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कीड ओळखणे, नुकसानीची पातळी मोजणे, सापळे लावणे हे शिकवावे. फवारणीसाठी त्या हंगामाची कृषी विद्यापीठाची शिफारस पाहण्यास सांगावे. प्रत्येक धड्याच्या माथ्यावर तारीख असावी. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, दूरध्वनी क्रमांक, सात-बाराचे वा आधारपत्राचे छायाचित्र या वहीत कदापि जाऊ देऊ नये. ते परत काढता येत नाही.

वर्ग सुरू करताना

पहिला धडा विषयाचा नसून किल्ल्यांचा असावा. खाते उघडताना मिळणारा मुख्य परवलीचा शब्द हरविल्यास तो पुन्हा मिळवून देणारे कार्यालय कोठेही नाही. लेखन करण्याची किल्ली वेगळी, नाणी हलविण्याची वेगळी व खात्याच्या मालकीची वेगळी असते. विद्यार्थ्याने रोजच्या वापरासाठी लेखनाची किल्लीच वापरावी आणि बाकीच्या कागदावर दोन प्रती लिहून जमिनीच्या कागदपत्रांबरोबर ठेवाव्यात. खात्यात गुंतविलेली नाणी नगण्य असली की दिवसाकाठी थोडेच लेख व अभिप्राय लिहिता येतात. नवखा विद्यार्थी मध्येच अडला, तर बहुधा हेच कारण असते. शिक्षकाने आपल्या खात्यातून थोडी नाणी त्यास वापरण्यापुरती दिल्यास काम चालते; ती शिक्षकाचीच राहतात व पुढे परत घेता येतात.

मिळालेल्या नाण्यांचे रुपये करण्याचा प्रसंग आल्यास कायदा ठाऊक असावा. अशी नाणी भारतात कायदेशीर चलन नव्हेत. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर तीस टक्के दराने आयकर, अधिक अधिभार व उपकर लागतो आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विहित मर्यादेपलीकडील व्यवहारावर एक टक्का कर मुळातच कापला जातो. धडा शेतीचा होता म्हणून हे उत्पन्न शेतीचे ठरत नाही, हे सांगावयास नको. तरी प्रश्न विचारला जातो म्हणून लिहिले. मोबदला ज्या दिवशी मिळाला ती तारीख, नाण्यांची संख्या व त्या दिवशीचा रुपयांतील भाव अशी तीन रकान्यांची वही पहिल्या आठवड्यापासूनच ठेवावी. वर्षअखेरीस ती मागून भरणे फार जिकिरीचे होते.