वर्तमान दुःख आणि भावी गौरव : पौलाच्या आशाविचाराचे स्वरूप

प्रास्ताविक

दुःखाचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न प्रत्येक धर्मविचारापुढे उभा राहतो. ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाच्या संदर्भात प्रेषित पौलाने सुमारे इ. स. ५७ मध्ये करिंथ येथून लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय महत्त्वाचा मानला जातो. पुढे प्रकट होणाऱ्या गौरवाशी सध्याच्या दुःखांची तुलना होऊ शकत नाही, असे पौल तेथे (८:१८) प्रतिपादन करतो. हे प्रतिपादन दुःखिताला गप्प बसविते की बळ देते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'गौरव' शब्दाचा आशय

पौलाने योजलेल्या 'डोक्सा' या ग्रीक शब्दामागे हिब्रू 'कावोद' ही संकल्पना आहे. तिच्या मूळ धातूचा अर्थ 'जड असणे' असा होतो. मराठी बायबलमधील 'गौरव' हा शब्दही 'गुरु' म्हणजे जड या संस्कृत शब्दापासूनच सिद्ध झाला आहे. तुलनेसाठी पौल जो 'आक्सिओस' हा शब्द वापरतो, त्याच्या मुळाशीही समान वजनाची कल्पना आहे. म्हणजेच येथे तराजूचे रूपक सूचित होते. दुःखाला वजनच नाही, असे पौल म्हणत नाही. दुसरे पारडे अधिक जड आहे, असे तो सांगतो. पाच वेळा फटके, एकदा दगडमार आणि तीन वेळा जहाज फुटणे हा त्याचा स्वतःचा अनुभव करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (११:२४-२५) नोंदविलेला आहे.

कण्हणे आणि प्रसूतिवेदना

याच अध्यायात सृष्टी, श्रद्धावंत आणि पवित्र आत्मा या तिघांच्याही कण्हण्याचा उल्लेख येतो (८:२२-२६). त्यामुळे विलाप हा अश्रद्धेचे लक्षण ठरत नाही. तो प्रार्थनेचाच भाग बनतो. सृष्टीच्या वेदनांना पौल प्रसूतिवेदना म्हणतो. या वेदना खऱ्याच असतात, परंतु त्यांचा शेवट जन्मात होतो. शिवाय ही आशा केवळ आत्म्याच्या सुटकेची नाही. शरीराची मुक्तता आणि समस्त सृष्टीची बंधनमुक्ती तिच्यात अभिप्रेत आहे.

आक्षेप आणि प्रत्युत्तर

धर्म ही जनतेची अफू आहे, असे कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात म्हटले. परलोकाच्या आश्वासनामुळे इहलोकीचा अन्याय सुसह्य होतो, हा या आक्षेपाचा गाभा होय. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमन (१९२६-२०२४) यांच्या विचारात सापडते. १९४३ च्या हॅम्बुर्गवरील बॉम्बहल्ल्यात त्यांचा सोबती त्यांच्या शेजारीच ठार झाला. १९४५ ते १९४८ या काळात ते युद्धकैदी होते. १९६४ च्या 'आशेचे ईश्वरशास्त्र' या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, देवाने अभिवचन दिलेल्या भविष्यावर ज्याची आशा आहे, तो वर्तमानातील अन्यायाशी तडजोड करू शकत नाही. आशा येथे गुंगी न ठरता अस्वस्थतेचे कारण ठरते.

समारोप

तथापि, मार्क्सचा आक्षेप यामुळे पूर्णतः निकालात निघत नाही. सुखवस्तू माणसाने पीडिताला पौलाचे हेच वाक्य ऐकविले, तर ते अफूच ठरते. पौलाच्या विधानाचे सामर्थ्य ते स्वतः दुःख भोगणाऱ्याने उच्चारले आहे, यात आहे. तराजू दुःखिताच्या हाती असावा. इतरांचे कर्तव्य त्याच्या दुःखाचे पारडे हलके करण्याचे आहे. याच अर्थाने भावी गौरवाची आशा वर्तमानातील जबाबदारीपासून वेगळी करता येत नाही.