डोक्याचा मार : जखम भरली तरी ध्यान ठेवा



या पत्रकात एरवी बियाणे, खते आणि फवारणीची माहिती असते. या वेळी विषय थोडा निराळा आहे. त्याला कारण आपल्या कार्यक्रमाला आलेले एका ताईंचे पत्र. त्यांचे मालक मागच्या सुगीत कडब्याने भरलेल्या ट्रॉलीवरून खाली आले. डोक्याला सहा टाके पडले. पंधरा दिवसांत टाके निघाले, जखम भरली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण सहा महिने झाले तरी माणूस पहिल्यासारखा नाही. पंपात किती औषध घालायचे ते विसरतात, हिशेबात चुकतात, पोरांवर उगाच ओरडतात, रात्री जागे असतात. गावातले म्हणतात बाहेरचे काही लागले असेल. भावकी म्हणते कामचुकार झाला. ताई विचारतात, याला काय म्हणावे आणि काय करावे?

शेतीत डोक्याला लागण्याचे प्रसंग कमी नाहीत. झाडावरून किंवा गंजीवरून पडणे, बैलाने उडवणे, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून घसरणे, विहिरीत वरून दगड येणे, गोठ्याच्या ठेंगण्या चौकटीला टाळू आपटणे, शिवाय मोटारसायकल आहेच. म्हणून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून ही माहिती आपल्यापुढे ठेवत आहे.

आत काय होते?

आपला मेंदू साधारण तेराशे ते चौदाशे ग्रॅम वजनाचा, लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ असतो. तो कवटीत पातळ पाण्यात तरंगत असतो. पाण्याने भरलेल्या माठात लोण्याचा गोळा आहे असे समजा. माठ जमिनीवर आदळला आणि फुटला नाही, तरी आतला गोळा काठावर आपटतोच. तसेच डोक्याचे आहे. कवटी फुटली नाही, रक्त आले नाही, म्हणजे मेंदूला काही झाले नाही असे समजू नका. झटक्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. बारीक शिरा फाटून रक्त साचू शकते.

कोळपणीत कपाशीच्या बुडाला पास लागली तर त्या दिवशी झाड उभेच दिसते. आठवड्याने ते मान टाकते, तेव्हा आपण रोग आला म्हणून औषध शोधतो. खरे कारण आठवड्यापूर्वीच्या कोळपणीत असते. डोक्याच्या माराचेही पुष्कळदा असेच होते. मार एका दिवशी लागतो आणि त्याचे फळ आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसते. तोवर घरातले सगळे तो मार विसरून गेलेले असतात.

पहिले दोन दिवस

मार लागलेल्या माणसाला पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले तर वाट पाहू नका, तडक दवाखान्यात न्या : थोडा वेळ जरी शुद्ध हरपली असेल, एकापेक्षा जास्त उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, नाकातून किंवा कानातून रक्त अगर पाणी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे. म्हातारी माणसे, लहान मुले, रोज दारू घेणारे आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेले, यांना लक्षण नसले तरी दाखवून आणावे.

काही वेळा माणूस पडतो, उठतो, चहा पितो, चांगला बोलतो आणि तीन-चार तासांनी बेशुद्ध होतो. आत रक्त साचत असते. म्हणून पहिल्या दिवशी व रात्री त्याला एकटे ठेवू नका. आणखी एक चूक फार होते. तोंडाला दारूचा वास आला की लोक म्हणतात, घेतली आहे, झोपू दे, सकाळी उतरेल. दारू प्यालेल्या माणसाच्याही डोक्यात रक्त साचते. वासावरून निकाल लावू नका.

जखमेत शेण, राख, तंबाखू किंवा हळद भरू नका. स्वच्छ कापड धरून ठेवा. हाड दबलेले वाटले तर जोराने दाबू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. उंचावरून पडला असेल तर खांद्यावर टाकून किंवा मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर किंवा बाजेवर घ्या. १०८ नंबरला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ सालापासून चालू आहे. रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून पाय मागे घेऊ नका. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये अशी तरतूद २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच केलेली आहे.

उशिरा दिसणारे रक्त

एक प्रकार म्हाताऱ्या माणसांत होतो आणि तो फसवा आहे. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. मग चौकटीला लागलेला साधा टोलाही पुरतो. शीर फाटते आणि थेंब थेंब रक्त साचत जाते. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, डोके दुखते, पाय फरफटतो, तोल जातो, बोलण्यात घोटाळा होतो, कपड्यात लघवी होते.

माझ्या ओळखीच्या एका घरात आजीबाईंचे असेच झाले. गोठ्यात धार काढून उठताना डोके आपटले, कोणी लक्ष दिले नाही. दीड महिन्याने त्या नातवंडांची नावे चुकू लागल्या. घरच्यांनी म्हटले, वय झाले, आता असेच चालायचे. सुनेला मात्र तो टोला आठवत होता. तिने डॉक्टरांना सांगितले, डोक्याचा सीटी स्कॅन झाला, साचलेले रक्त दिसले. कवटीला लहान भोक पाडून ते काढले. आजीबाई आता स्वतः अंगणात फिरतात. सुनेने तो टोला सांगितला नसता तर आजीबाई म्हातारचळ म्हणून अंथरुणात राहिल्या असत्या. हा आजार वेळेत कळला तर बरा होणारा आहे, हे ध्यानात ठेवा.

स्वभाव बदलतो, तो दोष नव्हे

आता ताईंच्या पत्राकडे वळू. मेंदूचा कपाळामागचा भाग धीर, विचार आणि रागाला आवर घालणे, ही कामे करतो. त्याला मार बसला तर हात-पाय चालतात, बोलणेही चांगले असते, पण माणूस बदलतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावताना दारू ठासतात, तसे काम १८४८ साली व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गावर चालू होते. फिनिअस गेज नावाचा पंचवीस वर्षांचा मुकादम लोखंडी पहारीने दारू ठासत होता. स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची ती पहार त्याच्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. नवल म्हणजे तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु त्याच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले, की पूर्वीचा नेटका, भरवशाचा मुकादम आता उतावळा व शिवराळ झाला आहे, आणि त्याला जुने काम परत मिळाले नाही. पुढे मात्र त्याने चिली देशात घोडागाडी हाकण्याचे काम कित्येक वर्षे केले. म्हणजे ठरावीक कामात त्याची घडी पुष्कळ बसली. अखेरीस त्याला फिट्स येऊ लागल्या आणि १८६० साली तो वारला. स्वभावातला बदल, हळूहळू सावरणे आणि वर्षांनी आलेल्या फिट्स, या तिन्ही गोष्टी एकाच माणसात दिसल्या.

एवढा मोठा मार कोणाला क्वचितच लागतो. साध्या मारातून बहुतेक माणसे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत पूर्ववत होतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण काहींना डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा, चिडचिड, उदासपणा आणि झोपमोड पुढेही राहते. काहींचा वास घेण्याचा गुण जातो. घरात गॅस गळतो तो कळत नाही, फवारणीच्या औषधाचा डबा उघडा राहिला तरी समजत नाही. अशा माणसाला बाहेरचे लागलेले नसते आणि तो आळशीही नसतो. तो आजारी असतो. देवऋषाकडे चकरा मारण्यात दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. माणूस फार उदास झाला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशके कुलुपात ठेवा आणि १४४१६ या सरकारी टेलि-मानस नंबरवर फोन करा.

फिट आली तर

मारानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनीही फिट येऊ शकते. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा कोंबू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचे विळे, कोयते, दगड दूर करा, माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. पहिलीच फिट असेल, फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ आली, तर लगेच दवाखाना गाठा. डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्या माणसाने ट्रॅक्टर व मोटारसायकल चालवू नये, विहिरीत उतरू नये, झाडावर चढू नये, मळणी यंत्रावर उभे राहू नये. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

पुढच्या वयाचा विचार

वारंवार डोक्यावर मार खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांना पुढे बोबडेपणा, कंप आणि विसराळूपणा येतो, हे १९२८ साली अमेरिकेतील डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी लिहून ठेवले. जगातल्या तज्ज्ञांच्या लॅन्सेट आयोगाने २०२० साली, म्हातारपणी बुद्धी क्षीण होण्याच्या टाळता येण्याजोग्या कारणांत डोक्याच्या माराची भर घातली. मार लागलेल्या प्रत्येकाला असे होते, असा याचा अर्थ नाही. धोका वाढतो, आणि मार जितका मोठा किंवा जितक्या वेळा, तितका अधिक वाढतो. म्हणून पहिला मार पुरता बरा होण्याआधी दुसरा लागू देऊ नये. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवावी, दारू सोडावी, झोप पुरी घ्यावी.

मारानंतर पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हलके काम, आणि त्रास न वाढल्यास हळूहळू नेहमीचे काम. नवीन बैलाला आपण पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाही, तसेच हे आहे.

लागूच नये म्हणून

मोटारसायकलवर हेल्मेट घाला, पट्टा बांधा. शेतापर्यंतच जायचे आहे ही सबब नको. जगभरच्या अभ्यासांची एकत्र तपासणी केली तेव्हा हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो असे दिसले. मडगार्डवर आणि भरलेल्या ट्रॉलीवर माणसे बसवू नका. विहिरीचे काम चालू असताना काठावर दगड-मातीचा ढीग ठेवू नका, खाली उतरणाऱ्याला टोप द्या. शिडी खाली एकाने धरावी. गोठ्याची चौकट ठेंगणी असेल तर तिला जुने पोते गुंडाळून पांढरा पट्टा ओढा. खर्च काहीच नाही.

वहीत तारीख लिहा

पेरणीची तारीख, फवारणीची तारीख, गाय फळवल्याची तारीख आपण वहीत लिहितो. त्याच वहीत घरातल्या माणसाला डोक्याला मार लागल्याची तारीख लिहा. कसा लागला, शुद्ध गेली का, उलटी झाली का, कोणाला दाखवले, एवढ्या चार ओळी पुरेत. पुढे कधीही डोकेदुखी, विसर, फिट किंवा स्वभावातला बदल दिसला, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्टर नवे असतील, तारीख जुनी असेल, पण दुवा तिथेच सापडेल.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना आम्ही हेच कळवले होते. त्या मालकांना जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन गेल्या. हा सगळा त्रास त्या माराचाच आहे, असे डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगितले. औषध आणि झोपेची शिस्त सुरू झाली. थोरल्या मुलाने औषधाचे प्रमाण मोठ्या अक्षरांत लिहून पंपाच्या खोलीत भिंतीवर लावले. हिशेब आता दोघे मिळून बघतात. मालक पूर्वीइतके झाले नाहीत, असे ताईंनी दुसऱ्या पत्रात लिहिले आहे. पण भावकीचे टोमणे थांबले, आणि मुले पुन्हा वडिलांजवळ बसू लागली.

बंधूंनो, हे पत्रक वाचून झाल्यावर ओसरीवर खिळ्याला अडकवून ठेवा. शेजाऱ्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. काही शंका असल्यास गावच्या आरोग्य केंद्रात विचारा, आणि आपला अनुभव आम्हाला पत्राने जरूर कळवा.