पाळीव कुत्रा आणि कायदा

महाराष्ट्रातील अनेक शहरांत कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो. त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला जोडावा लागतो आणि परवान्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. शुल्क व दंड शहरागणिक वेगळे. लसीकरणाची, जंतनाशक देण्याची आणि निर्बीजीकरणाची जबाबदारी 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मालकावरच टाकली आहे. भटक्या कुत्र्यांबाबत मात्र ती स्थानिक संस्थेकडे येते. निर्बीजीकरण झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते, त्यामुळे तो लांबूनही ओळखता येतो.

कुत्र्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असूनही मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्यक्ष चावा घेतलाच पाहिजे, असे नाही.

उलट बाजूही आहे. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे गुन्हा ठरवले आहे. कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणेही त्यात येते. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आज हास्यास्पदच.