साखळी विपणन आणि कूटचलनाच्या फसव्या योजना

साखळी विपणन आणि कूटचलनाच्या फसव्या योजना म्हणजे नव्या सभासदांकडून घेतलेल्या पैशातूनच जुन्या सभासदांना परतावा देणाऱ्या आणि ही गोष्ट वस्तुविक्री, गुंतवणूक किंवा आभासी चलन यांच्या आवरणाखाली झाकणाऱ्या योजना होत. सभासद वाढत राहतात तोवर पैसे वेळेवर मिळतात. नवी भरती मंदावली की देणी थांबतात आणि चालक नाहीसे होतात. महाराष्ट्रात अशा योजनांची अनेक प्रकरणे न्यायालयांपुढे आली असून त्यांतील काहींचा संबंध थेट मुंबई, नवी मुंबई आणि पुणे या शहरांशी, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या शेजाराशी आहे.

संज्ञा

बहुस्तरीय विपणन, पिरॅमिड योजना आणि पाँझी योजना हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत फरक आहे. बहुस्तरीय विपणनात विक्रेता स्वतः माल विकतो आणि आपण नेमलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही वर्तणावळ मिळवतो. माल खरोखर ग्राहकाच्या उपयोगाचा असेल आणि उत्पन्न विक्रीतून येत असेल, तर हा व्यवसाय बेकायदेशीर ठरत नाही. पिरॅमिड योजनेत माल नाममात्र असतो किंवा नसतोच. सभासद आणण्याबद्दल पैसे मिळतात. पाँझी योजनेत सभासदाला माणसे जोडण्याची सक्ती नसते. त्याला केवळ मोठ्या व्याजाचे आश्वासन दिले जाते आणि ते व्याज दुसऱ्या कोणाच्या मुद्दलातून भागवले जाते. चार्ल्स पाँझी याने १९२० मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवून लोकांचे पैसे गोळा केले होते. त्याच्यावरून हे नाव पडले. प्रत्यक्षात आजच्या बहुतेक योजना या दोन्हींचे मिश्रण असतात. गुंतवणुकीवर ठरावीक परतावा आणि माणूस आणल्यास वर बक्षिसी, अशी दुहेरी लालूच त्यांत असते.

साखळीचे गणित

या योजनांचा शेवट चालकाच्या नियतीवर अवलंबून नसतो. तो गणितातच असतो, आणि हे गणित शालेय भूमितीय श्रेढीपेक्षा अवघड नाही. ‘फक्त दोन माणसे आणा’ ही अट ऐकायला अगदी सोपी वाटते. प्रत्येकाने दोन सभासद आणले तर पहिल्या पायरीवर २, दुसऱ्या पायरीवर ४, दहाव्या पायरीवर १,०२४ आणि विसाव्या पायरीवर १०,४८,५७६ माणसे लागतात. मूळ चालक धरून विसाव्या पायरीपर्यंतची एकूण संख्या २०,९७,१५१ होते. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण रायगड जिल्ह्याची लोकसंख्या, तान्ही मुले धरून, २६,३४,२०० होती. एकविसावी पायरी या जिल्ह्यात उभीच राहू शकत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. साखळी कोणत्याही पायरीवर तुटली, तरी शेवटच्या पायरीवरील सभासदांना खाली कोणी नसल्यामुळे काहीच मिळत नाही, आणि शेवटची पायरी ही नेहमी सर्वांत मोठी असते. दोन-दोनच्या साखळीत निम्म्याहून थोडे अधिक सभासद तिथे असतात. प्रत्येकी पाच माणसांच्या साखळीत नवव्या पायरीवर १९,५३,१२५ माणसे असतात, तर एकूण सभासद २४,४१,४०६. म्हणजे दर पाचांतील चार जण रिकाम्या हाताने परततात. सभेत व्यासपीठावर उभा केलेला यशस्वी सभासद खोटे बोलत असेलच असे नाही. त्याला पैसे मिळालेले असतात. ते कोणाचे, हा प्रश्न त्या सभेत विचारला जात नाही.

कूटचलनाचे आवरण

पूर्वी या योजना साबण, शक्तिवर्धक चूर्णे, सागवानाची रोपे किंवा सहलीची कूपने पुढे करत. २००९ मध्ये बिटकॉइन अस्तित्वात आले आणि २०१३ नंतर त्याच्या वाढत्या किमतीच्या बातम्या सर्वदूर पोहोचल्या, तेव्हा चालकांना नवे साधन मिळाले. कूटचलनाची कार्यपद्धती सामान्य माणसाला कळत नाही, त्याचा भाव वेगाने चढतो आणि पैसा देशाबाहेर नेणे सोपे असते. ‘समजत नाही’ ही अडचण न राहता प्रचाराचा भाग झाली. ज्याला समजत नाही तो काळाच्या मागे राहिला, असे सुचवले जाऊ लागले.

वनकॉइन हे याचे जगभर गाजलेले उदाहरण आहे. बल्गेरियात मूळ असलेल्या या योजनेत ‘शिक्षण संच’ विकले जात आणि त्यांसोबत वनकॉइन मिळत. खऱ्या कूटचलनाचे व्यवहार सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे ब्लॉकचेनमध्ये, कोणालाही पडताळता येतात. वनकॉइनला अशी खरी नोंदवही नव्हती; भाव कंपनीच ठरवत होती आणि पडद्यावर दाखवत होती. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइनच्या प्रचारसभेनंतर १८ जणांना अटक केली. जगात या योजनेविरुद्ध झालेल्या सुरुवातीच्या मोठ्या कारवायांपैकी ही एक होती, ही बाब महाराष्ट्रातही फारशी स्मरणात राहिलेली नाही. योजनेची संस्थापक रुजा इग्नातोव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये सोफियाहून अथेन्सला गेली आणि त्यानंतर दिसली नाही. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने तिचे नाव दहा सर्वाधिक हव्या असलेल्या फरारींच्या यादीत घातले. सहसंस्थापक कार्ल ग्रीनवुड याला सप्टेंबर २०२३ मध्ये २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

गेनबिटकॉइन प्रकरण

भारतातील या प्रकारचे सर्वांत मोठे प्रकरण गेनबिटकॉइनचे मानले जाते आणि त्याचा तपास पुण्यात सुरू झाला. अमित भारद्वाज याने सिंगापूरस्थित व्हेरिएबल टेक या कंपनीच्या आधारे ही योजना २०१५ च्या सुमारास चालवली. गुंतवणूकदाराने बिटकॉइन द्यायचे आणि कंपनीने त्यावर १८ महिने दरमहा १० टक्के बिटकॉइन परत करायचे, असा करार होता. म्हणजे एका बिटकॉइनचे १.८ होणार. हा परतावा बिटकॉइनच्या ‘खाणकामा’तून येईल, असे सांगण्यात आले. खाणकाम म्हणजे व्यवहारांची पडताळणी करण्यासाठी संगणक चालवणे आणि त्याबद्दल नवी नाणी मिळवणे. माणसे जोडणाऱ्यांना वेगळी वर्तणावळ मिळत असे.

हे आश्वासन बिटकॉइनच्या मूळ रचनेशीच विसंगत होते. खाणकाम करणाऱ्याला मिळणारे बक्षीस सुमारे दर चार वर्षांनी निम्मे होते. जुलै २०१६ मध्ये ते प्रत्येक खंडामागे २५ नाण्यांवरून साडेबारांवर आले. शिवाय जगात खाणकामाची यंत्रे वाढतील तसा प्रत्येक यंत्राचा वाटा कमी होतो. ज्या उद्योगाचे उत्पन्न ठरलेल्या वेळापत्रकानुसार घटते, त्यातून दरमहा न बदलणारे १० टक्के देण्याचे वचन कोणताही प्रामाणिक खाणचालक देऊ शकत नव्हता. ही माहिती गुप्त नव्हती. बिटकॉइनच्या रचनेत ती आरंभापासून जाहीर आहे.

२०१७ मध्ये बिटकॉइनचा भाव झपाट्याने चढू लागला, तेव्हा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे कंपनीचे स्वतःचे नाणे परताव्यात दिले जाऊ लागले. त्याचे बाजारमूल्य अत्यल्प होते. २०१८ च्या आरंभी पुण्यात गुन्हे नोंदले गेले आणि एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज याला दिल्लीत ताब्यात घेतले. पुढे त्याला सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी प्रकरणाला अनपेक्षित वळण लागले. तपासात तांत्रिक साहाय्यासाठी पोलिसांनी नेमलेल्या दोन तज्ज्ञांनाच, जप्त खात्यांतील कूटचलन स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली. २०२३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या विभागाने ६० हून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या.

महाराष्ट्रातील अन्य प्रकरणे

स्पीक एशिया या कंपनीने ११,००० रुपये वर्गणी घेऊन संगणकावर सर्वेक्षणे भरण्याबद्दल दरमहा सुमारे ४,००० रुपये देऊ केले होते. २०११ मध्ये देणी थांबली आणि मुंबईत गुन्हा दाखल झाला. नाशिक परिसरातून पसरलेल्या केबीसी या योजनेविरुद्ध २०१४ मध्ये गुन्हे नोंदले गेले. क्यूनेट या साखळी विपणन योजनेविरुद्ध मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०१३ पासून तपास केला. ताजे उदाहरण ‘टोरेस’चे आहे. प्लॅटिनम हर्न या कंपनीने २०२४ मध्ये दादरसह मुंबई महानगरात दालने उघडून मोइसनाइट या कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला ६ टक्के आणि त्याहून अधिक परतावा जाहीर केला. आठवड्याला ६ टक्के म्हणजे वर्षाला ३१२ टक्के. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दालने बंद झाली आणि दादरला गुंतवणूकदारांची गर्दी जमली.

पेण व रोहे परिसर

पेण आणि रोहे ही रायगड जिल्ह्यातील तालुक्याची गावे मुंबई-पुण्याच्या छायेत वाढली. पेणचा गणेशमूर्तींचा व्यवसाय हंगामी आहे. वर्षभराची मिळकत गणेशोत्सवाच्या आसपास एकदम हाती येते. रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. महामार्ग आणि औद्योगिक प्रकल्पांसाठी जमिनी गेल्यामुळे अनेक कुटुंबांकडे एकरकमी मोबदला आला. शेतीतून दरवर्षी थोडे मिळवणाऱ्या घरात अशी रक्कम आली की ती कोठे ठेवावी, हा प्रश्न उभा राहतो. त्यातच गणपती आणि शिमग्याला मुंबईहून येणारा चाकरमानी नात्यातला असतो आणि त्याच्या शब्दाला गावात वजन असते. साखळी योजना अनोळखी माणसाकडून क्वचितच पोहोचते. ती मेहुणा, शेजारी, भिशीतली मैत्रीण यांच्यामार्फत येते. बुडालेला माणूस तक्रारीला कचरतो, याचेही हेच कारण आहे.

या भागात ठेवींच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की पेण अर्बन सहकारी बँकेचे नाव येतेच. बनावट कर्जखात्यांद्वारे शेकडो कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे उघडकीस आल्यावर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांनी संघर्ष समिती स्थापन करून मोर्चे आणि न्यायालय या दोन्ही मार्गांनी दीर्घ लढा दिला. ही साखळी योजना नव्हती. परवानाधारक बँकेतील गैरव्यवहार होता, आणि हा फरक पुसणे अयोग्य ठरेल. ‘बँकाही बुडतात, मग आमच्या योजनेत काय वाईट’ हा एजंटांचा युक्तिवाद नेमका तोच फरक पुसतो. बँकेतील ठेवीला विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा सुमारे ९५ टक्के ठेवीदार या विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र होते. साखळी योजनेतील किंवा कूटचलनातील पैशाला असे कोणतेही संरक्षण नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. त्याच बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये आभासी चलनांच्या धोक्याविषयी पहिला जाहीर इशारा दिला होता.

कायदेशीर स्थिती

बक्षीस चिट आणि पैसा फिरवण्याच्या योजना (बंदी) अधिनियम, १९७८ हा या विषयाचा मूळ कायदा आहे. सभासद भरतीवर अवलंबून असलेली, झटपट पैसा देऊ करणारी योजना चालवणे त्याने निषिद्ध केले असून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अशा योजनेचा सभासद होणे आणि तीत भाग घेणे हेही या कायद्याने निषिद्ध आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. आपल्या खाली माणसे जोडणारा सभासद स्वतः फसलेला असला तरी कायद्यापुढे केवळ पीडित राहीलच असे नाही.

महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ अन्वये चालकांची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना वाटता येते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा २०१९ मध्ये आला. डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या थेट विक्री नियमांनी प्रामाणिक थेट विक्रीला मान्यता दिली, पिरॅमिड योजनांना मनाई केली आणि सभासद होण्यासाठी प्रवेश शुल्क घेण्यास बंदी घातली.

कूटचलनाची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार पैशाच्या अवैध हस्तांतरणाविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेत आले. ‘सरकार कर घेते, म्हणजे योजना सरकारमान्य’ असा प्रचार यानंतर सुरू झाला. करआकारणी ही उत्पन्नाची असते. तिने योजनेला मान्यता मिळत नाही. कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक आणि आयएसओ मानांकन यांचेही तसेच आहे. यांपैकी कोणताही कागद लोकांकडून ठेवी स्वीकारण्याचा परवाना नव्हे.

तक्रार

ठेवी स्वीकारण्याचा परवाना संस्थेकडे आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर पाहता येते आणि तेथे तक्रारही नोंदवता येते. ऑनलाइन फसवणुकीत १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने कळवल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते. दिवस उलटले की ती झपाट्याने घटते. फिर्याद जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते, त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही. पावत्या, बँकेच्या नोंदी, प्रचारसभांची निमंत्रणे, मोबाइलवरील संदेश आणि कूटचलन पाठवले असल्यास व्यवहार क्रमांक व खात्याचा पत्ता जपून ठेवावा लागतो. रोखीने दिलेल्या रकमेचा पुरावा बहुधा नसतोच, आणि मालमत्तेचे वाटप करताना विशेष न्यायालयापुढे नेमका हाच अडसर येतो.