मोबाईल झकास चालवतो, म्हणून डोळे ठीक?

वस्तीत फिरताना आया आम्हाला सांगतात, "पोरगं मोबाईल झकास चालवतं, डोळ्यांना काय झालंय?" सपाट पडद्यावरचं काम एका डोळ्यानेही जमतं. थ्रीडी पडदा दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र दाखवतो. मेंदूने ती जुळवली तरच जवळ-लांब कळतं. एक डोळा आळशी असला, तर थ्रीडी चष्मा लावूनही सिनेमा सपाटच दिसतो. सुईत दोरा ओवतानाही चाचपडावं लागतं.

तिरळेपणा भाग्याचा, ही खुळी समजूत सोडा, मायबहिणींनो. सात वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण चांगला येतो: चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. घरी एकेक डोळा झाकून पाहा. एकच डोळा झाकल्यावर पोर हात झटकत असेल, तर बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडी-शाळेत मोफत तपासतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.