वाघिणीची कॉलर आणि वनरक्षकाची वही

ताडोबाची वाघीण चांदोलीत आली, तिचं नाव ‘तारा’ ठेवलं, गळ्यात रेडिओ कॉलर बांधली, हे सगळ्यांनी वाचलं आहे. ‘ऑपरेशन तारा’खाली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात एकूण आठ वाघ आणायला परवानगी आहे. मलकापूर-कराडात सध्या एकच विचारणा असते, वाघीण आत्ता कुठं आहे? मला जास्त काळजी आहे ती पाच वर्षांनंतरची. ती आज कुठं होती, हे तेव्हा कुणाला खात्रीनं सांगता येईल का?

कॉलर स्वतःहून सगळं सांगत नाही. ती ठरावीक वेळानं उपग्रहांवरून आपली जागा काढते आणि कळवते. कोयनेच्या खोल घळीत, दाट सदाहरित झाडीखाली आभाळच कमी दिसतं, म्हणून नोंदी गळतात. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मात्र सगळ्या लागतात. या नोंदींचा नकाशा जसाच्या तसा वापरला तर वाघिणीला जंगलापेक्षा सडा आवडतो असं दिसेल. म्हणून आधी एखादी कॉलर घळीत आणि सड्यावर नुसती ठेवून किती नोंदी लागतात हे तपासायला हवं, आणि चुकलेल्या नोंदीही जपायला हव्यात.

वेळेचा घोळ तर आणखी साधा. उपग्रहाची वेळ ग्रीनिचची, आपली साडेपाच तास पुढं. कराड-चिपळूण रस्ता रात्री साडेअकराला ओलांडलेला वाघ कच्च्या फाइलीत संध्याकाळी सहाला ओलांडताना दिसतो. रस्त्यावरच्या वाहनांचं नियोजन अशा आकड्यांवर झालं तर ते फुकट जाईल.

पण माझा सगळा भर आहे तो वहीवर. नकाशावर एकाच जागी ठिपके गोळा झाले की वाघीण तिथं थांबली एवढंच कळतं. ती हलल्यावर तिथं पोचलेला वनरक्षक पाहतो, की सांबर मारलंय की गव्याचं वासरू, की नुसतीच सावलीत बसली होती. हे त्यानं तारीख, वेळ आणि कॉलरच्या क्रमांकासह लिहिलं तरच त्या ठिपक्यांना अर्थ येतो. मलकापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या चोवीस तास पाण्याच्या योजनेत मीटर कितीही चांगला असला, तरी तो कुणाच्या घरचा हे नोंदलेलं नसेल तर बिल कुणाला पाठवणार?

‘आजोबा’ बिबट्याचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला हा बिबट्या कॉलर बांधून माळशेज घाटात सोडला. विद्या अत्रेय यांच्या चमूनं त्याचा माग ठेवला. तो चालत मुंबईच्या जंगलापर्यंत पोचला आणि पुढं कॉलर बंद पडली. डिसेंबर 2011 मध्ये घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला. तो आजोबाच, हे ओळखलं कातडीखालच्या मायक्रोचिपमुळं, कारण तिचा क्रमांक कुणीतरी आधी नीट लिहून ठेवला होता. यंत्र थांबलं, कागद कामाला आला.

टिपेश्वरहून निघून ज्ञानगंगेपर्यंत गेलेल्या टी1सी1 वाघाच्या 5000 वर नोंदी आणि 3000 किलोमीटरच्या वर प्रवास जमा झाला, तेव्हा कुठं शेतं, नाले आणि रस्ते यांमधली त्याची वाट दिसली. उमरेड-कऱ्हांडल्याच्या ‘जय’चे संकेत मात्र 18 एप्रिल 2016 नंतर आलेच नाहीत. संकेत थांबल्यावर किती तासांत माणूस जागेवर जाणार, हे आधीच लिहून ठरलेलं असायला हवं.

मग ही माहिती सगळ्यांना खुली करावी का? आजची जागा मुळीच नाही. 2013 मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती येणारं ई-मेल खातं उघडण्याचा प्रयत्न झाला आणि तो पुण्याहून झाल्याचं समोर आलं. शिकाऱ्याला याहून सोपी वाट कोणती? पण वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या नोंदी, तपासून आणि घळी-पाणवठ्यांचे नेमके पत्ते झाकून, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या पोरांना अभ्यासाला मिळायलाच हव्यात. पुढची कॉलर बांधण्याआधी प्रकल्पानं या नोंदी सांभाळायला एक माणूस कायम नेमावा. संशोधक बदलले, साहेब बदलले, तरी वही आणि फाइल त्याच्याच ताब्यात राहावी.