खंदकातले शब्द

डच भाषेत खंदकाला ‘लोपग्राफ’ म्हणतात, शब्दशः चालण्याचा चर. पहिल्या महायुद्धात बेल्जियमचा डचभाषक फ्लँडर्स अशा चरांनी चिरून निघाला. पण इंग्रजी सैनिकी बोलीत डच शब्द फार आधी मुरले होते. १५८५ मध्ये इंग्रज फौज स्पेनविरुद्ध डचांच्या मदतीला गेली. त्या दीर्घ युद्धाच्या काळात असे बरेच शब्द रुजले. ‘फॉर्लोर्न होप’ हा ‘व्हर्लोरन होप’चा अपभ्रंश: गमावलेली तुकडी, हल्ल्यात सर्वांत पुढे धाडलेली माणसं. किती निष्ठुर नाव! डचच नव्हे, आपले शब्दही तिथे मुरले: खंदकातला ब्रिटिश शिपाई मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हणे. हा शब्द म्हणजे आपला ‘विलायती’. मायदेशी जायला रजा हवी, आणि तिचा शब्द पुन्हा डच: ‘व्हर्लोफ’ म्हणजे रजा. त्यातून इंग्रजीत आलेला ‘फर्लो’ आज महाराष्ट्राच्या तुरुंगांत कैद्यांच्या रजेसाठी वापरला जातो.